पुष्प दुसरं, दारसैत

स्पीकरच्या वायरी मी टेपनं जमिनीला चिकटवत होतो
तेव्हा उपासनी साहेब म्हणाले, परकार,
आज आवाज खणखणीत हवा, विषयच आवाजाचा आहे.
फळ्यावर लिहिलं होतं : पुष्प दुसरं.
एकोणिसाव्या शतकातली अमेरिका आणि तिथली भाषणं.

माणसं आली चाळीस-पन्नास.
मस्कतातली शुक्रवारची संध्याकाळ, दारात चपलांचा ढीग,
मागच्या टेबलावर चिवड्याच्या पुड्या,
आणि एसीची ती घरघर
जी मला कुठल्याच बटणानं कापता येत नाही.

हेमलताबाई उकिडवे उठल्या. बारीक आवाज.
म्हणाल्या, तिकडे गावोगाव सभागृहं होती,
बर्फातून शेतकरी गाडी जुंपून यायचे,
देवमाशाच्या तेलाच्या दिव्याखाली दोन-दोन तास बसायचे,
ताऱ्यांबद्दल ऐकायचे, दारूबद्दल, वाफेबद्दल.
बाई बोलायला उभी राहिली तर कधी बाहेरून दगड यायचे.
आणि माइक नव्हता, असं म्हणून
त्या माझ्याकडे बघून हसल्या.

तेवढ्यात खटका पडला.

दिवे गेले, एसी गेला, माझी लाल-हिरवी बटणं गेली.
कुन्हिमोन बॅटरी घेऊन फ्यूजकडे धावला.
त्या हॉलची शांतता मी सात वर्षांत पहिल्यांदा ऐकली.
बाई थांबल्या नाहीत. पण मागून कुणीतरी म्हणालं,
ऐकू येत नाही हो.

का उठलो ते नक्की सांगता येणार नाही.
मधल्या रांगेत जाऊन उभा राहिलो.
त्या एक वाक्य म्हणत, मी ते मागच्यांना देई.

माझे बावा हर्णै बंदरावर लिलाव पुकारायचे.
होड्या परतल्या की वाळूवर टोपल्यांची रांग,
भोवती बायका, व्यापारी, कावळे,
आणि सगळ्यांच्या वरून बावा.
म्हणायचे, पोटातून काढ. घसा भाड्याचा असतो.

तर मी पोटातून काढत होतो
ताऱ्यांबद्दल, छापखान्यांबद्दल,
मला निम्मं कळत नव्हतं, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत जात होतं.
अंधारात लोक पुढे सरकून बसले होते.
मला, खरं सांगतो, मजा वाटू लागली होती.

मग बाई म्हणाल्या :
काही वक्ते गुलामीतून पळून आलेले होते.
मी म्हणालो : काही वक्ते गुलामीतून पळून आलेले होते.
बाई म्हणाल्या :
त्यांतले काही लहानपणी लिलावाच्या ओट्यावर उभे राहिले होते,
त्यांची किंमत कुणीतरी मोठ्यानं पुकारली होती.

मी तोंड उघडलं.

सुरमईचा सूर मला येतो. पापलेटचा येतो.
कोळंबीचा तर झोपेतही म्हणेन, घाईचा असतो, शेवटी उडवायचा.
तो सगळा सूर घशापाशी येऊन उभा राहिला
आणि मी त्याला बाहेर येऊ दिलं नाही.

मागून पुन्हा : ऐकू येत नाही.

मग मी ते वाक्य म्हटलं. हळू.
कुठल्याच चालीत नाही.
पोहोचलं की नाही माहीत नाही,
पण पुन्हा कुणी मागितलं नाही.

दिवे आले. माइक किंचाळला, मी धावत जाऊन गेन उतरवला.
बाईंनी उरलेलं भाषण माइकमधून केलं
आणि ते, एक ध्वनिवाला म्हणून सांगतो,
फार स्वच्छ ऐकू आलं.
शाल झाली, श्रीफळ झालं.
आभाराच्या कागदावर आधीच टाइप केलेलं होतं :
ध्वनिव्यवस्था, श्री. परकार.

रात्री वायरी गुंडाळून गाडीत टाकल्या.
डोंगरामागे मत्रहचं बंदर, तिथं एखादं जहाज भोंगा देत होतं.
बावांना फोनवर आवाज पाठवला, सगळं सांगितलं,
ओट्याचंही सांगितलं, तिथं जरा अडखळलो.

अकरा सेकंदांचं उत्तर आलं.
आधी खोकला. मग लांबवर भरतीचं पाणी.
मग बावा :
घशातून बोलतोयस.